हजेरी सभेच्या मैदानात लागली तर? कामाच्या जागी देवाची आणि पक्षाची सक्ती

निवडणूक जवळ आली की विदर्भातल्या जिनिंगमध्ये, राईस मिलमध्ये, संस्थेच्या शाळेत आणि पंचायत समितीच्या आवारात एक वाक्य हमखास कानावर येतं: "उद्या सभेले साऱ्याइनं येजा. हजेरी तिथंच लागन." बोलणारा कधी मुकादम असतो, कधी मुख्याध्यापक, कधी बचत गटाची ताई. सणासुदीला याच वाक्याचं दुसरं रूप येतं. भंडाऱ्याची वर्गणी पगारातून परस्पर कापलेली असते, किंवा सप्ताहाला कोण आलं आणि कोण नाही याची यादी ऑफिसात फिरत असते.

हे बरोबर नाही, एवढं ऐकणाऱ्याला कळतं. पण कोणत्या कायद्याप्रमाणे चूक आणि दाद कुठं मागायची, हे माहीत नसतं, कारण याचं उत्तर एका कायद्यात नाही. मतदानाच्या बाबतीत कायदा कडक आहे. सरकारी नोकरीत आणि अनुदानित शाळेत तो बऱ्यापैकी पक्का आहे. खासगी कामात मात्र मोठी फट आहे. त्या फटीतूनही वाट निघते, पण ती पगार, बदली आणि बडतर्फीच्या कायद्यातून जाते. म्हणून आधी सक्ती ओळखायची कशी ते पाहू, मग एकेका ठिकाणची वाट.

आमंत्रण कुठं संपतं आणि सक्ती कुठं सुरू होते?

लग्नाची पत्रिका आली तरी जायचं की नाही हे आपल्या हाती असतं. गेलो नाही म्हणून कुणी आपली रोजी कापत नाही. कामाच्या जागीही हीच कसोटी लावायची. मालकानं पूजेला बोलावलं, प्रसाद दिला, सभेचं पत्रक हातात ठेवलं, हे आमंत्रण झालं. नकार दिल्यावर पाळी बदलली, ओव्हरटाईम बंद झाला, वेतनवाढीचा कागद अडकला, की ती सक्ती झाली. सक्ती आवाजाच्या चढ-उतारावर ठरत नाही, नकाराची किंमत मोजावी लागते का यावर ठरते. गोड बोलून केलेली सक्तीही सक्तीच असते.

ओळखायच्या खुणा तीन. कार्यक्रमाची हजेरी कामाच्या मस्टरवर लागते का? पैसे हातात पडण्याआधीच कापले जातात का? आणि पुरावा मागितला जातो का, म्हणजे फोटो, सेल्फी, व्हॉट्सअॅपचं स्टेटस, ओटीपी? यातली एक जरी खूण दिसली तरी सावध व्हावं. दोन दिसल्या तर त्या दिवसापासून नोंदी ठेवायला लागावं.

मत कुणाला दिलं हे मालकाला कळतं का?

नाही. दडपणाचं अर्धं बळ "आम्हाला कळतं" या धाकातच असतं, म्हणून हे नीट समजून घेतलं पाहिजे.

मतदान केंद्रावर १७-अ नावाची नोंदवही असते. त्यात तुमचा अनुक्रमांक आणि सही किंवा अंगठा असतो. मत दिलं की नाही एवढंच त्यातून दिसतं. कुणाला दिलं हे त्या वहीत कुठंही नसतं. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि खालच्या पेटीत पडते. ती कुणाच्या हाती लागत नाही. निकालानंतर केंद्रनिहाय आकडे मात्र जाहीर होतात. "तुमच्या बूथवर आमाले किती पडले ते दिसते" असं म्हणणारा खोटं बोलत नसतो, पण त्याला बूथ दिसतो, माणूस दिसत नाही. सातशे-आठशे मतांच्या बेरजेतून एका मजुराचं मत वेगळं काढता येत नाही.

राहता राहिला फोटो. मतदान केंद्रात मोबाईल वापरायला मनाई असते आणि गुप्तता मोडणाऱ्याला मत देण्यापासून अडवण्याचा अधिकार केंद्राध्यक्षाला आहे. "मतदान झालं का फोटो टाकजा" असं कुणी सांगितलं, तर मोबाईल आत नेऊ देत नाहीत, हे खरं उत्तर हाताशी आहे.

निवडणुकीच्या कामावर जाणाऱ्या शिक्षकांची आणि कर्मचाऱ्यांची अडचण निराळी असायची. टपाली मतपत्रिका घरी यायची, आणि ती कोरीच आणून द्या असं सांगणारे भेटायचे. २०२३ साली नियम बदलला. लोकसभा आणि विधानसभेला निवडणूक कामावरच्या कर्मचाऱ्यानं टपाली मत सुविधा केंद्रातच नोंदवून तिथंच द्यायचं असतं. मतपत्रिका बाहेर नेता येत नाही, म्हणून कुणाला आणून देताही येत नाही. हा बदल फार मोलाचा आहे, आणि तो अजून बऱ्याच कर्मचाऱ्यांना ठाऊक नाही.

मतदानाच्या दिवसाची सुट्टी हाही हक्क आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १३५-ब प्रमाणे लोकसभा आणि विधानसभेच्या मतदानाला भरपगारी सुट्टी द्यावी लागते, आणि रोजंदारीवाल्याचीही त्या दिवसाची मजुरी बुडत नाही. ज्याच्या गैरहजेरीनं धोका किंवा मोठं नुकसान होईल, उदाहरणार्थ बॉयलरवरचा माणूस, त्याला ही पूर्ण सुट्टी लागू नाही. अशांना काही तासांची सवलत द्यावी, असं परिपत्रक राज्य सरकार निवडणुकीच्या वेळी काढतं. सुट्टी न देणाऱ्या मालकाला दंड आहे तो जास्तीत जास्त ५०० रुपये. हा आकडा इतका लहान आहे की त्याचा वचक बसत नाही, तो वाढायलाच हवा. नगरपरिषद, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्यांना हे कलम लागत नाही, त्यांच्यासाठी सरकार वेगळी सुट्टी जाहीर करतं. ते पत्र पाहून घ्यावं.

बेलभंडारा उचलायला लावला तर?

गावच्या निवडणुकीत देव आणि पक्ष एकाच जागी येतात ते इथं. आदल्या रात्री मजुरांना वाड्यावर बोलावतात, देवाच्या फोटोवर हात ठेवायला लावतात किंवा बेलभंडारा उचलायला लावतात आणि अमुक चिन्हालाच मत देईन असं वदवून घेतात. पोलीस येणार नाहीत याची बोलावणाऱ्याला खात्री असते आणि देव पाहतो आहे ही मजुराला भीती असते.

कायद्यानं ही भीती ओळखली आहे, आणि नेमक्या शब्दांत. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १७१ मध्ये "गैरवाजवी दबाव" हा निवडणुकीतला गुन्हा आहे. मतदाराला इजा करण्याची धमकी त्यात येतेच, शिवाय तुझ्यावर देवाचा कोप होईल किंवा धर्मातून तुझा धिक्कार होईल असं मतदाराच्या मनात भरवणं हेही स्वतंत्रपणे येतं. जुन्या दंड संहितेतही ही तरतूद होती. शिक्षा कलम १७४ मध्ये आहे: एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. हे कलम ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत सगळ्या निवडणुकांना लागतं. "इजा" या शब्दात मालमत्तेचं बेकायदा नुकसानही येतं, म्हणून "मत नाही दिलं तर झालेली मजुरी विसर" ही धमकी याच कलमाखाली मांडता येते.

अडचण पुढे येते. हा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. ठाण्यात जाऊन फक्त एनसीची पावती हाती येते आणि माणूस हिरमुसून परत फिरतो. म्हणून आचारसंहितेच्या काळात पहिली तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे करावी. लोकसभा-विधानसभेला सी-व्हिजिल हे आयोगाचं अॅप चालतं. त्यात नाव न सांगता तक्रार करता येते आणि १०० मिनिटांत दखल घ्यायचं बंधन पथकावर असतं. एक गोष्ट लक्षात ठेवावी: अॅपमधून तिथल्या तिथं काढलेला फोटो किंवा व्हिडिओच चालतो. मोबाईलमध्ये आधी काढून ठेवलेला तिथं चढत नाही. बहुतेक तक्रारी इथंच फसतात.

मतदार अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा असेल आणि धमकावणारा त्याबाहेरचा असेल, तर वजन एकदम बदलतं. अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ च्या कलम ३ मध्ये अमक्यालाच मत दे किंवा देऊच नको म्हणून धाक घालणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं कैदेचा. तो दखलपात्र आहे, पोलिसांना नोंद घ्यावीच लागते. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा १९९० पासून आहे, त्यामुळे धर्म बदलला म्हणून हे संरक्षण जात नाही. विदर्भात ही बाब किती घरांना लागू आहे हे वेगळं सांगायला नको.

सरकारी कर्मचारी आणि मानधनावरच्या ताई

राज्य सरकारी कर्मचाऱ्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे वेगळे वर्तणूक नियम. कर्मचाऱ्यानं पक्षाचा सदस्य व्हायचं नाही, प्रचार करायचा नाही. मत द्यायला हरकत नाही, पण ते कुणाला देणार हे दाखवायचंही नाही. हे नियम लोकांना बंधन वाटतात. खरं पाहता दडपणाच्या वेळी ते ढाल होतात. "साहेब, नियम ५ प्रमाणे माझ्यावर कारवाई होईल" या उत्तरावर वरिष्ठाकडे बोलायला काही उरत नाही.

सदस्य नोंदणी मोहिमेत हे फार उपयोगी पडतं. मोहीम आली की कार्यालयात आकडे वाटले जातात, मोबाईल नंबर घेतला जातो आणि आलेला ओटीपी मागितला जातो. तो दिला की तुम्ही पक्षाचे सदस्य झालात, आणि सरकारी नोकर असाल तर नियमही तुम्हीच मोडला. उद्या दुसरा पक्ष सत्तेत आला तर ती नोंद तुमच्याच विरुद्ध निघू शकते. ओटीपी द्यायचा नाही.

तोंडी आदेशाचं काय? वरिष्ठाचा आदेश साधारणपणे लेखी असावा आणि तोंडी दिला तर त्याला लेखी दुजोरा मागता येतो, असं १९७९ चे नियमच सांगतात. "सभेला माणसं पाठवा" असं फोनवर आलं, तर त्याच दिवशी दोन ओळींचं पत्र द्यावं: आज अमुक वाजता आपण दिलेल्या तोंडी सूचनेला लेखी दुजोरा मिळावा. पक्षाच्या सभेसाठी लेखी आदेश काढायला सहसा कुणी धजावत नाही. बहुतेक सूचना या पत्रापाशीच थांबतात.

सरकारी कार्यक्रम आणि पक्षाची सभा यांत गोंधळ होतो, आणि तो मुद्दामही केला जातो. योजनेच्या लाभ वाटपाला हजर राहणं कामाचा भाग असू शकतं. फरक कागदावर कळतो. पत्र कुणाच्या सहीचं आहे, जावक क्रमांक आहे का, गाड्यांचा खर्च कोणत्या खात्यातून होतो, मंचावर पक्षाचं चिन्ह आहे का, हे पाहावं.

अंगणवाडी सेविका, आशा, उमेदच्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या, समुदाय संसाधन व्यक्ती, संगणक परिचालक, ग्रामरोजगार सेवक यांची स्थिती सगळ्यांत नाजूक. काम सरकारचं, पण पद मानधनाचं किंवा कंत्राटी. नूतनीकरणाचा कागद ज्याच्या हाती, त्याचा शब्द मोडणं अवघड जातं. "गटातल्या पन्नास बाया आणा" हा निरोप त्यांनाच येतो. सरकारी योजनेचं पद पक्षाच्या गर्दीसाठी वापरणं हा अधिकाराचा गैरवापर आहे आणि त्याची तक्रार प्रकल्प अधिकारी किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्याकडे करता येते. एकटीनं नाव घालून करण्यापेक्षा संघटनेच्या लेटरहेडवर करणं बरं. कर्ज, गणवेश शिलाई, रोजगार हमीचं काम यातलं काही सभेला न आल्यामुळे अडवलं, तर अर्जाची तारखेची पोच हाच पुरावा असतो. कामाची मागणी तोंडी कधीही करू नये.

संस्थेची शाळा

विदर्भात खासगी अनुदानित शाळा म्हणजे बऱ्याच वेळा पुढाऱ्याची संस्था. पगार सरकार देतं, तो बँकेत जमा होतो, तरीही शिक्षक दबतो. का? बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस वर्षांनंतरची निवडश्रेणी, वैयक्तिक मान्यता, संस्थेच्या एका शाळेतून दुसरीत बदली, अतिरिक्त (पटापेक्षा जास्तीचा शिक्षक) ठरवलं जाणं, हे सगळे कागद संस्थेच्या हातून जातात. सक्ती पगारावर होत नाही, या कागदांवर होते.

नाशिकच्या एका शिक्षकानं शाळेच्या प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला. संस्थेनं त्याची वरची वेतनश्रेणी अडवली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. प्रार्थनेत हात जोडायला भाग पाडणं हे मूलभूत हक्कांचं उल्लंघन आहे, असं न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं आणि त्याचा लाभ द्यायला लावला. त्याआधी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या तीन विद्यार्थ्यांबाबत असाच निर्णय दिला होता. राष्ट्रगीताला ती मुलं आदरानं उभी राहत, धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेतून त्यांना काढणं चूक ठरलं. आदरानं उभं राहणं पुरेसं आहे, असा या निर्णयांचा अर्थ. प्रार्थना सरस्वतीची असो, सामुदायिक प्रार्थना असो की मिशनच्या शाळेतली, न्याय सारखाच. अल्पसंख्याक संस्थांना संस्था चालवण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद ३० नं दिला आहे, पण मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत विद्यार्थ्याला संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. त्यासाठी अनुच्छेद २८ आहे.

प्रचाराला पाठवलं तर शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २७ दाखवावं. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीचं सरकारी काम सोडून शिक्षकाला कोणत्याही अशैक्षणिक कामाला लावता येत नाही.

नोकरीवरून काढलं किंवा पदावनत केलं, तर खासगी शाळा कर्मचारी कायदा, १९७७ च्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात अपील होतं. नागपूरला आणि अमरावतीला ही न्यायाधिकरणं आहेत. मुदत फक्त ३० दिवसांची. संस्थाचालक "बसून मिटवू" म्हणत महिना काढतात आणि मुदत निघून जाते. बोलणी चालू ठेवावीत, अपीलही दाखल करावं.

खासगी कामातली फट

आता अवघड भाग. घटनेतले मूलभूत हक्क मुख्यतः सरकारच्या विरुद्ध आहेत. खासगी मालकानं धर्म किंवा राजकीय मत पाहून वागू नये असं थेट सांगणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५८ चा १११ क्रमांकाचा करार नोकरीत धर्म आणि राजकीय मत यांवरून भेदभाव नको असं सांगतो. भारतानं तो १९६० मध्ये मान्य केला, पण खासगी नोकऱ्यांसाठी त्याचा कायदा केला नाही. साठ वर्षं उलटून गेली, ही उणीव अजून भरलेली नाही.

म्हणून जिनिंग, दालमिल, पतसंस्था, पेट्रोल पंप इथल्या कामगारानं भांडण धर्माचं किंवा पक्षाचं न मांडता पगाराचं आणि नोकरीचं मांडावं.

पगारातून कापलेली वर्गणी घ्या. वेतन संहिता, २०१९ च्या कलम १८ मध्ये पगारातून काय काय कापता येतं याची यादी आहे: उचल, भविष्य निर्वाह निधी, कर, गैरहजेरी वगैरे. देवळाची, उरुसाची, विहाराची किंवा पक्षाची वर्गणी त्या यादीत नाही. कापली तर ती बेकायदा कपात. कामगार कार्यालयात दावा करता येतो आणि मुदत तीन वर्षांची आहे.

सभेला न गेल्याची गैरहजेरीही इथंच सापडते. करारानुसार जिथं काम करायचं त्या जागी नसणं म्हणजे गैरहजेरी. सभेचं मैदान ती जागा नाही. कामगार गेटवर आला, काम बंद होतं आणि त्याची "गैरहजर" म्हणून रोजी कापली, तर कापणारा चुकला. म्हणून अशा दिवशी घरी बसू नये. नेहमीच्या वेळेला गेटवर जावं, दोन सोबत्यांसह उभं राहावं, वेळ दिसेल असा फोटो काढावा.

बदली, पाळी बदलणं, काढून टाकणं यांसाठी "अनुचित कामगार प्रथा" ही संज्ञा आहे. मालकानं सूडानं, आकसानं किंवा एका गटाला झुकतं माप देऊन केलेली कारवाई असा तिचा अर्थ. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात अशी तक्रार ९० दिवसांत करायची असते. केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि औद्योगिक संबंध संहितेतही या प्रथांची यादी आहे. कोणत्या कायद्याखाली अर्ज करायचा हे वकिलाला किंवा कामगार अधिकाऱ्याला विचारून ठरवावं, पण ९० दिवस मनात धरूनच चालावं. संघटनेनं सदस्य होण्यासाठी धाक घातला तर तीही अनुचित प्रथाच आहे. कोळसा खाणी आणि सिमेंट कारखान्यांच्या पट्ट्यात हे विसरलं जातं.

सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याची, गोष्ट वेगळी. गुढीपाडव्याला तोंडी करार होतो, उचल दिली जाते, मस्टर नसतो. "प्रचाराले चाल, नाही तर उचल परत कर" ही सक्ती त्या उचलीच्या बळावर चालते. उचलीपायी माणसाला काम सोडण्याची मोकळीक उरली नसेल, तर ते वेठबिगारीत मोडू शकतं. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे अर्ज जातो. निदान उचल किती घेतली आणि किती फिटली एवढं तरी साध्या वहीत लिहून त्यावर मालकाची सही घ्यावी.

"मग खंडेनवमीची पूजाही बंद करायची का?"

नाही. यंत्रांची पूजा, पोळ्याला बैलांची पूजा, डॉ. आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम, इफ्तार, यातलं काहीही कायदा बंद करत नाही. मालकाला त्याचा धर्म पाळण्याचा पूर्ण हक्क आहे आणि कामगारांनाही सण हवे असतात. बाजूला उभं राहणाऱ्याला बाजूला उभं राहू द्यायचं, एवढंच मागणं आहे. टिळा लावून घेतला नाही, प्रसाद घेतला नाही, हात जोडले नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला गाठी उचलायच्या पाळीवर टाकायचं नाही.

सणांच्या सुट्ट्यांवर भांडण होतं तिथं एक तरतूद कामी येते. दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ ज्यांना लागू आहे तिथं वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. धम्मचक्र प्रवर्तन दिन हवा की ईद की महाशिवरात्र, याची चर्चा डिसेंबरमध्ये करावी. सणाच्या आदल्या संध्याकाळी ती रागावर जाते.

"मालकानं मत सांगितलं तर बिघडलं काय?"

काही नाही. मालकालाही बोलण्याचं स्वातंत्र्य आहे. अमुक पक्ष कापसाला चांगला भाव देईल असं तो गेटवर सांगू शकतो. खासगी कामगारही फावल्या वेळात कोणत्याही पक्षाचं काम करू शकतो. बोलण्याच्या जोडीला रोजी, हजेरी किंवा यादी आली, की ते मत राहत नाही.

"पुरावा आणायचा कुठून?"

बहुतेक प्रकरणं इथं हरतात, कारण नोंदी उशिरा सुरू होतात. पहिल्या दिवशीच एक वही करावी. तारीख, वेळ, जागा, कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दांत, आणि ऐकणारे आणखी कोण होते. "दबाव आणला" असं लिहू नये. "उद्या सभेले आला नाही तर परवापासून येऊ नको" असं जसंच्या तसं लिहावं. दुसऱ्या पानावर परिणाम: पाळी कधी बदलली, किती रुपये कापले. बोलणं आणि परिणाम यांच्यामध्ये जितके कमी दिवस, तितकी तक्रार मजबूत.

व्हॉट्सअॅपचा मेसेज आला तर स्क्रीनशॉटवर थांबू नये. नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, चॅट एक्सपोर्ट करून ठेवावी आणि मूळ मेसेज पुसू नये. गटात मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर त्याच दिवशी हे करावं. रेकॉर्डिंग असेल तर तो मोबाईल जपून ठेवावा, विकू नये, फॉरमॅट करू नये. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे न्यायालयात अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि मूळ उपकरण हाताशी असलं तर ते सोपं जातं. आपण स्वतः सामील आहोत असंच बोलणं रेकॉर्ड करावं. दुसऱ्यांचं चोरून करू नये.

याशिवाय कामावर असल्याचा पुरावा लागतो. नियुक्तिपत्र, ओळखपत्र, पगाराची बँक नोंद, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, यातलं जे असेल ते. ठेकेदाराच्या माणसाकडे काहीच नसतं, म्हणून रोख मजुरीऐवजी खात्यात मागणं हे सगळ्यांत आधीचं काम.

"तक्रार केली तर काम जाईल"

जाऊ शकतं. ही भीती खरी आहे, ती नाकारून सल्ला देणं अन्यायाचं होईल. म्हणून तक्रारीचा क्रम महत्त्वाचा. आधी नोंदी, मग दोन-तीन सोबती, मग मालकाला साधं पत्र: वर्गणी कापण्यास माझी संमती नाही, कापलेली रक्कम परत मिळावी. या पत्रात आरोप नको, कायद्याचा दम नको. हाती दिलं तर दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का, नाही तर स्पीड पोस्ट. रजिस्टर्ड पोस्टाची सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झाली आहे, त्यामुळे पाकीट टाकताना पोच मिळण्याची सोय मागून घ्यावी. हे पत्र झाल्यावर काढलं, तर काढण्याचं कारण कागदावर आपोआप उभं राहतं. काढलं किंवा स्वतः सोडलं, तरी वेतन संहितेप्रमाणे हिशेब दोन कामाच्या दिवसांत मिळाला पाहिजे. कोऱ्या कागदावर किंवा "स्वखुशीनं काम सोडतो" या मजकुराखाली सही करू नये. ती एक सही सगळं प्रकरण संपवते.

आपल्याच जातीनं किंवा समाजानं वाळीत टाकलं, म्हणजे तक्रार केली म्हणून किराणा बंद, चक्की बंद, शेतावर काम बंद असं झालं, तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा, २०१६ आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

वकिलाच्या खर्चाची चिंता असेल, तर तालुका न्यायालयात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. दूरध्वनी १५१००. जाताना आधार कार्ड, नोंदींची वही आणि मालकाला दिलेल्या पत्राची पोच सोबत न्यावी. पोच नसेल तर तिथले वकील आधी ते पत्रच लिहून घेतील, म्हणून एक चक्कर वाचवायची असेल तर पत्र आधी पाठवून मगच जावं.